बाय द ऑपरेटर

स्वरूपा भालेरावचा इंग्रजीचा क्लास भोसरीत एका हार्डवेअरच्या दुकानावर होता. दर रविवारी सकाळी तिथे ॲडव्हान्स बॅच भरायची. बावीस जण, सगळे कंपन्यांतले. मोडकंतोडकं बोलता येत होतं, पण रिपोर्ट लिहिता आल्याशिवाय कुणी सुपरवायझर करत नव्हतं. स्वरूपाचे वडील तीस वर्षं एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशिनवर होते, आणि साहेबाने पुढे केलेल्या प्रत्येक इंग्रजी कागदावर न वाचता सही करत आले होते. त्या रागातूनच ती एम.ए. झाली होती. व्याकरणात ती कुणाची गय करायची नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी क्लास सुटल्यावर दादासाहेब मागे थांबला. लातूरकडचा माणूस, चाकणच्या एका कंपनीत लाइन लीडर. त्याने वही पुढे केली.

"कंपनीत रिपोर्ट द्यायचाय मॅडम. चुका तेवढ्या काढून द्या."

चारच ओळी होत्या. 'मेंटेनन्स मॅन रिमूव्ह गार्ड. आय टेल सर. सर से रन मशीन, डिस्पॅच लेट. कोंडीराम हॅण्ड गो इनसाइड.'

"फार लागलं का त्यांना?" स्वरूपाने विचारलं.

"दोन बोटं गेली."

"अरेरे," ती म्हणाली आणि तिने लाल पेन उघडलं.

पहिल्या तीन ओळींवर तिने आडवी रेघ मारली. "दादासाहेब, अशा रिपोर्टमध्ये आय, सर, असं कुणाकुणाला आणत नाहीत. ते शाळकरी वाटतं. काय झालं ते महत्त्वाचं. कर्मणी प्रयोग वापरा." आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'द गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड बिफोर द शिफ्ट बिगॅन.'

दादासाहेबने ते वाक्य बोट फिरवत वाचलं. "पण मशिनची जाळी कुणी काढली, ते?"

"ते सांगावंच लागत नाही. हीच तर या प्रयोगाची सोय आहे."

तो मान हलवून गेला. स्वरूपाला दिवसभर बरं वाटत होतं. इतकं नेटकं वाक्य वर्गात कुणाच्या हातून अजून उतरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी, क्लास चालू असतानाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात स्लीपर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद.

"मी गिरजाबाई. कोंडीराम माजं मालक. दादासाहेब म्हन्ले, भोसरीच्या बाईंकडून वाचून घ्या. कंपनीनं धाडलंय, आमाला उमगंना."

स्वरूपाने कागद उलगडला. आरोपपत्र होतं. सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल कोंडीरामची चौकशी लागली होती. मधोमध एक वाक्य होतं. द गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड बिफोर द शिफ्ट बिगॅन. तिचंच वाक्य, स्वल्पविरामाचाही फरक नाही. फक्त 'रिमूव्ह्ड'च्या पुढे कुणीतरी तीन शब्द घातले होते. बाय द ऑपरेटर.

"काय लिवलंय?"

"मशीन चालवणाऱ्यानेच, म्हणजे कोंडीरामांनी जाळी काढली, असं लिहिलंय."

"त्यांनी कशाला काढावी? एकोनीस वरीस त्याच मशिनवर हायेत." गिरजाबाईचा आवाज चढला नाही. "मेंटेनन्सवाल्यांनी काढलीती. समद्यांना ठाव हाय."

स्वरूपाने वर्ग सोडून दिला. दादासाहेब त्या दिवशी आला नव्हता. गिरजाबाईला बाकावर बसवून ती तशीच त्याच्या खोलीवर गेली. तो बनियनवर भाजी निवडत बसला होता. तिला बघून उठला, पण आत या म्हणाला नाही.

"दादासाहेब, हे काय आहे? तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"माहीत होतं म्हणूनच लिहिलो होतो मॅडम. इंग्रजीत, मला जमलं तसं." तो खालच्या आवाजात बोलत होता. "तुम्ही खोडलात. मग मी पण म्हणलो, बरं झालं. सायबाचं नाव घ्यायची माझी तरी कुठं हिंमत होती."

दारातली चपलांची रास तिने दोनदा नजरेने सरळ केली.

"चौकशीत खरं सांगा," ती शेवटी म्हणाली. "मराठीत सांगा. मी हात जोडते."

"पुढच्या महिन्यात माझं सुपरवायझरचं पत्र आहे." तो आत गेला, वही आणून तिच्या हातात दिली. "ही घेऊन जा. एवढंच जमेल."

मंगळवारी चाकणला चौकशी होती. बाहेरच्या माणसाला आत सोडत नव्हते. स्वरूपाने रात्रीतून मराठीत पत्र लिहिलं होतं: या रेघा माझ्या आहेत, खरी हकीकत मीच खोडली. पत्र आणि वही तिने कोंडीरामच्या डाव्या हातात दिली. उजव्याला अजून पट्टी होती. मग ती आणि गिरजाबाई गेटसमोरच्या चहाच्या टपरीशी उभ्या राहिल्या. मध्ये दोनदा तिने वॉचमनला विनवलं. त्याने आत फोन लावला आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

दीड तासाने कोंडीराम बाहेर आला.

"काय झालं?"

"वही बघितली त्यांनी. म्हन्ले, ह्याच्यावर सही न्हाई, आन खोडलेलं कुनी धरत न्हाई. तुमचं पत्र वाचून हसले. म्हन्ले, बाई घटनेच्या वक्ताला हितं व्हत्या का?"

"आणि दादासाहेब?"

"त्याला इचारलं. त्यो म्हनला, आठवत न्हाई."

गिरजाबाईने टपरीच्या बाकाची कड धरली. "आठवत न्हाई?"

"व्हय. माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं."

स्वरूपा गेटकडे धावली. मला साहेबांना भेटायचंय, आत्ता भेटायचंय, असं ती म्हणत राहिली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तिचं इंग्रजी ऐकून वॉचमन अदबीने मागे सरकला, पण गेट उघडलं नाही. पहिली शिफ्ट सुटली. कंपनीची बस तिच्या अंगावरून गेल्यासारखी वळली. खिडकीत दादासाहेब होता, मोबाइलमध्ये तोंड घालून.

एप्रिलमध्ये कोंडीरामला कामावरून काढल्याचं पत्र आलं. तेही स्वरूपानेच वाचून दाखवलं. त्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

पिंपरीच्या एका वकिलाने केस घेतली. कागद चाळून तो म्हणाला, "वर्ष-दोन वर्षं लागतील. त्या लाइन लीडरची साक्ष मिळाली तर काहीतरी होईल. नाहीतर अवघड आहे." दादासाहेब आता सुपरवायझर झाला होता. तो क्लासला येत नव्हता, फोनही उचलत नव्हता.

वकिलाच्या ऑफिसचा जिना उतरताना गिरजाबाईने विचारलं, "बाई, तवर ह्यांनी काय करायचं?"

कोंडीराम पुढे उतरत होता, डाव्या हाताने कठडा चाचपत. स्वरूपाने पुढे होऊन त्याची पिशवी आपल्या हातात घेतली.