आवाजाची राखण

दौंडच्या मेहमूद गार्डला रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण हाडात मुरलेली रेल्वे काही निघत नव्हती. मागच्या खोलीत त्यानं एक जुना कॉम्प्युटर मांडला होता. तो त्याला सर्व्हर म्हणे आणि त्याची बायको गुलशन खोकं म्हणे. घरातले फोटो, लग्नाच्या फिल्मा, सगळं त्यात भरलेलं. त्या सगळ्यांत जिवापाड जपलेली फाइल मात्र एकच, अडीच मिनिटांची.

ती म्हाळूच्या आवाजाची. म्हाळू यार्डात गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन, मेहमूदचा तीस वर्षांचा दोस्त. तंबाखूनं घसा खाल्ला आणि २००३ साली डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं मेहमूदच्या माइकसमोर बसून नातीच्या, दीक्षाच्या लग्नासाठी आशीर्वाद बोलून ठेवला. म्हाळू वाचला, आवाज गेला. आता येत्या रविवारी म्हाळूच्या गावी, मांडवगण फराट्याला दीक्षाचं लग्न होतं. म्हाळूचा मुलगा विनोद रांजणगावच्या कंपनीत कामाला. त्यानं तिथून फोन केला होता, "चाचा, त्या आशीर्वादाची सीडी तेवढी करून आणा. समदं पावणं आबांचा आवाज ऐकायचा म्हणत्यात."

मेहमूदनं फाइल लावून ऐकली. सुरुवात नीट, शेवट नीट. मध्ये मात्र खरखर, तुटके शब्द, कुठं नुसतीच शांतता.

पहिला संशय लोडशेडिंगवर. कॉपी होता होता वीज गेली असेल. पण मग फाइल अर्धवट राहिली असती. हिची साइज तर जशीच्या तशी होती. मग त्यानं डिस्क बदलली, केबल बदलली. एक मोठी फाइल दहा वेळा कॉपी करायची आणि प्रत्येक कॉपी मूळ फाइलशी ताडून बघायची, असं तीन दिवस चाललं. दहातल्या दोन बिघडत, आणि कॉम्प्युटर तोंडातून ब्र काढत नसे. डोळे चुरचुरायला लागले, पाठ धरली. चौथ्या दिवशी वैतागून त्यानं दीड वर्षापूर्वी बसवलेली सेकंडहँड मेमरीची पट्टी उपसून काढली. दहाच्या दहा जुळल्या. पट्टी पुन्हा लावली, पुन्हा दोन बिघडल्या. कॉपी होणारी प्रत्येक फाइल या पट्टीतूनच जात होती.

चोर सापडला, पण माल केव्हाच गेला होता. आणि चोराला दार उघडून देणारा तो स्वतःच होता. उभी वाघीण, म्हणजे मालडबा, गंजते, हे यार्डातलं शहाणपण; म्हणून दर रविवारी तो सगळ्या फाइली एका डिस्कवरून दुसरीवर हलवी आणि पुढच्या रविवारी परत पहिलीवर. तपासणी काय, तर साइज तेवढीच आहे ना, शेवट वाजतो ना. शेवटच्या डब्यावरची पाटी दिसली की गाडी पुरी आली, हे त्यानं जन्मभर मानलेलं. मधल्या डब्यातला माल कोण उघडून बघतो? दीड वर्षं तो आपल्या हातानं दोस्ताचा आवाज त्या सडक्या पट्टीतून गाळत होता. स्वतःची त्याला इतकी चीड आली की समोरचं ताट तसंच राहिलं.

गुलशन म्हणाली, भर मांडवात तोंडघशी पडण्यापेक्षा आज बोलणी खाल्लेली बरी. मेहमूदच्या मनात आलं, बोलणी खायची म्हटलं तरी म्हाळू बोलणार कुठून.

शुक्रवारी त्या बिघडलेल्या फाइलचीच सीडी घेऊन एसटीनं तो मांडवगणला गेला. म्हाळू अंगणात मांडवाचे खांब पुरणाऱ्यांवर हातवारे करून देखरेख करत होता. मेहमूदला बघून त्याचा चेहरा फुलला, आणि तेच मेहमूदला सोसेना. त्यानं घरातल्या प्लेअरवर सीडी लावली. म्हाळूनं ती अडीच मिनिटं शेवटपर्यंत ऐकली.

"गेला रं तुझा आवाज, माझ्याच हातनं गेला," मेहमूद म्हणाला. "दर रविवारी त्यालाच जपत बसायचो."

म्हाळूनं खिशातून डायरी काढली आणि सावकाश लिहिलं: आवाजाला दर रविवारी भेटायचास. मला कवा भेटलास?

चार वर्षांत दोनदा. मेहमूदला ते मोजायचीही गरज नव्हती. मांडवगण काही परमुलखात नव्हतं. एखादं कारण सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण तो इतका थकला होता की त्यानं खरं तेच सांगून टाकलं.

"तुझ्याम्होरं एकट्यालाच बोलावं लागतंय म्हाळू. ते मला झेपत न्हाई."

म्हाळूनं पुन्हा डायरी घेतली. आधीच्या ओळीखाली त्यानं लिहिलं:

मग बोलू नको. नुसता बस.