सात सेंटिमीटरचा गोंगाट

मी रिसीव्हर बोलतोय, आणि हळू बोलायची मला आवड नाही. टीव्हीखाली बसायचं, त्याचा आवाज घ्यायचा आणि पाच स्पीकरना वाटून द्यायचा, हे माझं काम. अंगाने सडपातळ, उंची सात सेंटिमीटर. कारखान्यातली माझी जाडी भावंडं अकरा स्पीकर सांभाळायला शिकली. मी पाचावरच शाळा सोडली. त्याचं मला काही वाटत नाही. माणसाला कान दोनच असतात.

ओसाकातल्या दुकानात मला तोकुनागा नवराबायकोने निवडलं. म्हणजे बायकोने. म्हातारा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, आणि निवृत्त माणसाला जे होतं तेच त्याला झालं होतं: सगळ्यात मोठं यंत्र पाहिजे. जाड्या भावापुढे तो हात मागे बांधून अर्धा तास उभा. विक्रेता त्याला सिनेमातले बॉम्बस्फोट ऐकवत होता. तेवढ्यात बायकोने, योशिएने, पर्समधून वर्तमानपत्राची एक पट्टी काढली, घरच्या कपाटातल्या कप्प्याच्या उंचीइतकी कापून आणलेली. ती एकेकाच्या अंगाला लावली. जाडे सगळे नापास.

"अहो, तुम्ही रोज काय ऐकता? बातम्या आणि बेसबॉल," ती म्हणाली. "त्यात बॉम्ब कुठे फुटतो?"

असा मी पास झालो. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी आल्यावर माझा खोका फोडायच्या आधी म्हाताऱ्याने कोट चढवला. तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचे चार डबे घेऊन वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या दारांत गेला. आमच्याकडे आता आवाज होणार आहे, आगाऊ माफी असावी, असं कमरेत वाकून सांगून आला.

आणि मग आवाज केलाच नाही. मी ऐंशीपर्यंत जातो. हा मला नऊवर ठेवायचा आणि स्पीकरला कान चिकटवून बसायचा. होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, बसला तरी डास गुणगुणल्यासारखा. या पिढीचं हेच. जन्मभर माफ्या मागितल्या, पण त्या माफ्यांना शोभेल असा एक गुन्हा करता आला नाही. माझ्या डोक्यावर हवा खेळायला दोन बोटं जागा सोडायची असते. योशिए तिथे त्याचे ओले मोजे वाळवायची.

दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरची हिरामात्सु आजी वांग्याचं लोणचं घेऊन वर आली. वय चौऱ्याऐंशी, नवरा गेल्या वर्षी गेलेला, घरात एकटी. म्हातारा लगेच वाकला. आवाजाचा त्रास होतोय का?

"तोच तर होत नाहीये, तोकुनागा-सान," ती म्हणाली. "माझा चकत्यांचा डबा कधीच संपला."

मग सगळं बाहेर आलं. तिचा मुलगा नागोयाला असतो. आई सुनसान घरात एकटी बसते म्हणून तो तिला वृद्धाश्रमात ठेवायला निघाला होता. हिने फोनवर ठोकून दिलं की वरच्या घरात दिवसभर बेसबॉल चालतो, माणसांत बसल्यासारखं वाटतं. आता तो रविवारी दोन वाजता स्वतः बघायला येत होता.

रविवारी दोनला सामना लागला. म्हाताऱ्याने रिमोट दोन्ही हातांत धरला. दहा. अकरा. बाराला त्याला घाम फुटला. मी आतून बोंबलत होतो, दाब की रे म्हाताऱ्या, खाली एका बाईला उचलून नेतायत. शेवटी योशिए भांडी टाकून आली, ओल्या हाताने रिमोट हिसकावला आणि मला पन्नासवर नेलं.

काय सांगू. खिडक्या हलल्या. मोजे थरथरत खाली पडले. अख्खं मैदान त्या दोन खोल्यांत ओरडलं.

पाचव्या मिनिटाला दार वाजलं. साठीचा मुलगा, टाय लावलेला, मागे आजी. असल्या गोंगाटात आईला एक दिवस ठेवणार नाही, आजच नेतो, म्हणाला. डाव पार उलटला होता, आणि तोही माझ्या तोंडाने. म्हातारा जमिनीला टेकेपर्यंत वाकला.

"मला नाही येता येणार," आजी शांतपणे म्हणाली. "यांनी आगाऊ माफी मागितलीय. मी डबा घेतला, खाऊन संपवला. आता आवाज झाला म्हणून उठून गेले तर चार लोक काय म्हणतील?"

मुलगा टाय सैल करत एकटाच नागोयाला परतला. पुढच्या आठवड्यात नागोयाहून आमच्याच घरी चकत्यांचा डबा आला, आईकडे लक्ष असू द्या म्हणून. म्हाताऱ्याने तो एका बैठकीत खाल्ला. डबा खाल्ला म्हणजे आजीला सोबत देणं आलंच, आता आवाज करणं त्याला भागच आहे.

हल्ली संध्याकाळी खालून आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकते. एक ठोका म्हणजे अजून मोठा. म्हातारा मला वाढवतो, अजूनही घाम पुसत.

तुम्ही रिसीव्हर घ्यायला जाल तेव्हा जाड्यांपुढे हात बांधून उभे राहू नका. कप्पा मोजा, रोज काय ऐकता ते आठवा. आणि घरी नेल्यावर वाजवा. मोजे बाल्कनीतही वाळतात.