मोरोपंत वकिलांच्या अंगातला समंध

"निघतो का नाही? निघतो का नाही?"

सूर्यभान महाराजांची साखळी सपकन बसली आणि मोरोपंत वकिलांचा सदरा पाठीवर फाटला. मूर्तिजापूरजवळच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत नुकतीच उठली होती. भरल्या पोटी अख्खं गाव गोल करून उभं होतं. असा तमाशा फुकटात मिळाल्यावर घरी कोण जातो?

अकोल्याच्या कोर्टात इंग्रजी झाडणारा हा माणूस घामानं निथळत, थरथरत, यजमान खुशालरावांवर ताट फेकून त्यांना शिव्या देत होता.

"समंध हाये, बाप्पा, जुना समंध!" महाराज गरजले. "हा विलायती सुई टोचून घेते ना, त्या भोकातून शिरला! सुई मोडा, मंगच तीर्थ देतो!"

मोरोपंतांची बहीण तारा, अमरावतीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, गर्दीतून घुसली. इन्सुलिनची ती सुई जेवणाआधी तिनंच टोचली होती. मधुमेह म्हणजे गोडाचा रोग, म्हणून दादानं गोडाला हातही लावला नाही. पण तूप कुठे गोड असतं? खुशालरावांच्या आग्रहापुढे त्यानं रोडग्यावर वाटीमागून वाटी तूप ओतून घेतलं होतं.

साखळी पुन्हा उठली. मोरोपंत तोंडावर आपटले, ओठ फुटला, डोळे पांढरे झाले. आता ताराला डॉक्टरांचे शब्द आठवले: घाम, कापरं, चिडचीड, मग बेशुद्धी. रक्तातली साखर फार उतरली की असं होतं आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर माणूस जातो.

"साखर द्या! गूळ द्या कोणीतरी!"

"समंधाले भोग चढवते का?" महाराजांची साखळी तिच्या मनगटावर आली. हाड कडकन वाजलं. खुशालरावांनी महाराजांचा हात धरला. दारच्या पाहुणीवर हात टाकलेला त्यांना सोसला नाही.

तेवढ्यात ताराला तीर्थाचा तांब्या दिसला. त्याच्या काठाला मुंग्या लागल्या होत्या. नुसत्या पाण्याला मुंग्या कशाला लागतील? तिनं बोट बुडवून चाखलं. दादाला कुशीवर वळवून ती बोटानं ते पाणी त्याच्या गालाच्या आत चोळत राहिली.

हळूहळू कापरं थांबलं. "तारे," मोरोपंत पुटपुटले, "माझी पाठ का जळतेय गं?"

"ना मंत्र, ना मार!" तारानं तांब्या लोकांपुढे धरला. "चाखा. खडीसाखर आहे! हा लोकांना उपाशी ठेवून झोडपतो, मग हे पाजतो. तरतरी येणारच! दादाचं इन्सुलिन वेळेवर कामाला लागलं, पण तुपामुळे जेवण पोटातच रेंगाळलं. म्हणून साखर घसरली. तेच जेवण रात्री रक्तात उतरेल, साखर चढेल, आणि समंध परत आला म्हणून तुम्ही यालाच बोलवाल!"

लोक काठ्या घेऊन धावले. महाराज साखळी टाकून धोतर सावरत पळाले.

खुशालराव मात्र जागचे हलले नाहीत. "मंग माही रुख्मिणी?" गेल्या पोळ्याला त्यांची लेक याच साखळीखाली गेली होती. "भूत निघता निघता जीव घेऊन गेलं, असं सांगे हा. तिले काय होतं, बाई?"

"मला माहीत नाही. डॉक्टरला कोणी विचारलंच नाही." तारा म्हणाली. "पण ती मारानं गेली, खुशालराव."

म्हाताऱ्या खुशालरावांनी साखळी उचलली आणि स्वतःचं कपाळ बडवायला सुरुवात केली. रक्त भुवईवर आलं. तारानं धड असलेल्या हातानं साखळी हिसकून घेतली.

"मारणं पुरे आता," ती सगळ्यांना म्हणाली. "पुढच्या वेळी कोणी असं पडलं तर दवाखान्यात न्या. त्याला काय होतंय, ते विचारा."