बुधवारची घंटी

मी सायकलची एक जुनी घंटी आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर मी वैतागलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. माझा आवाज हळवा नाही. तो मध्येच अडतो. का अडतो ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझ्या पोलादी वाटीच्या आत एक स्प्रिंग, काही दातेरी चाके आणि दोन सैल चकत्या आहेत. अंगठ्याने बाहेरची कळ दाबली की चाके गरगर फिरतात, चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि वाटीला आतून आपटतात. वाटी थरथरते, तोच माझा आवाज. कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतर घंट्यांसारखीच वाजत होते. मग पतिरामने मला आपल्या काळ्या सायकलवर बसवले आणि पहिल्याच वर्षी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सायकल, माशांची टोपली आणि मी, सगळेच खाली घसरलो. मासे परत पाण्यात गेले, पतिरामचे कोपर सोलले आणि माझ्या एका चाकाचा दात तुटला. तेव्हापासून मी 'ट्रिंग' म्हणते, 'खट्' करून अडते आणि मग पुन्हा 'ट्रिंग' म्हणते. सायकल दुरुस्त करणाऱ्याने नवी घंटी लावायची का, असे विचारले. पतिराम म्हणाला की राहू दे, हिच्यावरून लोकांना कळेल कोण आले ते.

आणि लोकांना कळू लागले.

पतिराम ढिवर. दवनीवाड्याच्या पुढे त्याचे गाव आहे. दर बुधवारी तो पहाटे तलावातून जाळे काढायचा, टोपली सायकलच्या मागे बांधायचा आणि तलावाकाठच्या गावांचा फेरा करायचा. पाळीवरून जाणारा तो रस्ता मला पाठ होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, अधूनमधून सारस पक्ष्यांची एखादी जोडी मान वर करून आमच्याकडे बघणारी. गावाच्या तोंडाशी आलो की पतिराम मला एकदाच वाजवायचा. आधी मांजरे धावत यायची. त्यांच्यामागून बाया हातात गंज घेऊन बाहेर पडायच्या. तुम्ही ज्याला पातेले म्हणता, त्याला आमच्याकडे गंज म्हणतात.

या सगळ्या बायांमध्ये धुरपताबाई सर्वांत कटकटी. तिचे गाव फेऱ्याच्या जवळजवळ शेवटी लागायचे. मासा कितीही मोठा असो, ती तो शेपटीला धरून उचलायची आणि म्हणायची, "लहान हाय." मरळ तिच्या कोपरापर्यंत लांब असली तरी लहानच. पुढच्या बुधवारी पतिराम तिच्यासाठी मोठ्यातला मोठा मासा टोपलीच्या तळाशी लपवून ठेवायचा, आणि ती पुन्हा तेच म्हणायची. माझी काही वर्षे नुसती हे ऐकण्यात गेली.

मग पतिरामचे गुडघे गेले. यंदाच्या पोळ्यानंतर त्याला पाय वर करून सायकलवर बसताच येईना. काळी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. कोंबड्या हँडलवर बसू लागल्या आणि माझ्या वाटीवर त्यांनी काय केले ते मी सांगणार नाही. माझ्या स्प्रिंगला गंज चढला. हा गंज वेगळा, तो तुम्हालाही माहीत आहे.

पण माझा खरा वैताग त्या कोंबड्यांवर नाही. पतिरामने धंदा बंद केला आणि कोणालाही सांगितले नाही, हा माझा वैताग. घरच्यांनी म्हटले, निदान निरोप तरी पाठवा. तो म्हणाला, समजते त्यायले. कसे समजणार होते? न वाजलेली घंटी कोणाला ऐकू येते?

आता संध्या. ती पतिरामची नात, गोंदियाच्या कॉलेजात विज्ञान शिकते आणि रोज सायकलने जाते. तिच्या पायांतला जोर बघून तिथल्या एका सायकल मंडळाने तिला बारीक चाकांची, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल वापरायला दिली. अट एकच. डिसेंबरात मंडळाची तलाव-फेरी होती. त्या फेरीत जो दुपारी बाराच्या आत परत येईल, त्याच्याकडे सायकल पुढच्या हंगामापर्यंत सरावासाठी राहणार. जो उशिरा येईल त्याने ती तिथेच सोडून बसने घरी जायचे. संध्याला दुसरी अशी सायकल मिळण्याची शक्यता नव्हती, हे तिलाही ठाऊक होते आणि तिच्या घरच्यांनाही.

फेरीच्या आदल्या दिवशी मंडळाचे भूपेंद्र सर सायकली तपासत होते. संध्याच्या सायकलला घंटी नव्हती. ते म्हणाले की घंटीशिवाय कोणालाही सोडणार नाही, गावांतून जायचे आहे. नियम योग्यच होता. पण आमच्या संध्याने काय केले? घरी येऊन मला काळ्या सायकलवरून काढले, पक्कडीने माझा पट्टा वाकवला, जुन्या ट्यूबचा तुकडा खाली घातला आणि नव्या सायकलवर घट्ट बसवले. कोंबड्यांची घाण तेवढी पुसली. तेलाचे दोन थेंब द्यावेत, हे विज्ञान शिकणाऱ्या मुलीलाही सुचले नाही.

फेरी रविवारी सकाळी गोंदियाजवळच्या कुडव्याहून निघाली. मंडळाने नकाशा बघून एक 'नवा निसर्गरम्य मार्ग' शोधून काढला होता. दवनीवाडा गेले, पुढे आम्ही तलावाच्या दिशेला वळलो आणि मी ओळखले. हा पतिरामचा बुधवारचा रस्ता होता. दुसरा रस्ता आहेच कुठे तिथे?

पहिल्या गावाच्या तोंडाशी एक वासरू आडवे आले. संध्याने कळ दाबली. ट्रिंग, खट्, ट्रिंग. वासरू जागचे हलले नाही. पण मांजरे धावत आली आणि त्यांच्यामागून चार बाया गंज घेऊन रस्त्यावर आल्या. आज बुधवार नाही, तरी आला, असे एकमेकींना सांगत त्या आल्या आणि समोर बघतात तो डोक्यावर हेल्मेट घातलेली मुलगी. टोपली नाही, मासे नाहीत. त्यांनी संध्याला अडवले. तिने सांगितले, मी पतिरामची नात. हे सांगायलाच नको होते. एकीने ऐकले होते की तो जावयाकडे रायपूरला गेला. दुसरी तोंडावरच म्हणाली, "आमाले वाटले बुढा मेला." संध्या सगळ्यांना समजावत असताना मागचे दहा-बारा सायकलवाले तिच्या बाजूने निघून गेले.

दुसऱ्या गावात तेच. इथे तर लोकांनी अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातला होता आणि कडेने दगड मांडले होते. उरलेल्या पट्टीतून जाताना म्हातारेकोतारे समोर आले की घंटी वाजवणे भाग होते. वाजवली की बाया. मित्रांनो, माझी अवस्था समजून घ्या. वाजले नाही तर कोणीतरी सायकलखाली येणार, आणि वाजले तर मुलीची सायकल जाणार. मी गप्प बसायचे ठरवले असते, पण ठरवून गप्प बसणे घंटीच्या हातात नसते. खड्डा आला की कळ आपोआप हलते.

तिसऱ्या गावाआधी संध्याने डोके लढवले. तिने माझ्या वाटीवर रुमाल गुंडाळला. थरथर थांबली की आवाज थांबतो, हे तिने पुस्तकात वाचले होते आणि ते बरोबरच आहे. मी नुसती 'खट् खट्' करत राहिले. ते गाव ओरडून पार पडले. "सरका, सरका" म्हणून तिचा घसा बसला. गेलेला वेळ थोडा भरून निघाला.

मग पाळीवरचा अरुंद रस्ता आला आणि त्या रस्त्यावर बकऱ्यांचा कळप. डावीकडे पाणी, उजवीकडे खोल उतार. बसलेल्या घशाला बकऱ्या दाद देईनात. साडेअकरा वाजून गेले होते. संध्याने रुमाल ओढून काढला आणि मला जीव खाऊन वाजवले. बकऱ्या थोड्याशा सरकल्या. आणि पाळीखालच्या घरातून, जिची मला धास्ती होती ती धुरपताबाई, गंज घेऊन वर आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"पतिराम कोठी हाय?"

संध्याने एका दमात सांगितले की आबाजीचे गुडघे गेले, ते आता येत नाहीत.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"अन् सांगाले का झालते त्याले?" धुरपताबाईचा आवाज चढला. "दर बुधवारी मी मसाला वाटून ठेवतो. दुपारवरी वाट पायतो. मंग त्याच मसाल्यात आलू टाकतो. पोळ्यापासून आलू खाऊन राहिलो आमी."

संध्याने पायडलवरचा पाय खाली टेकवला. मी मनात ओरडत होते, निघ, मुली, निघ. पण ती उभी राहिली. म्हणाली, "आजी, चुकलं त्यांचं. मी त्यांना सांगतो. पण बारापर्यंत कुडव्याले नाही पोचलो तर ही सायकल वापस जाते."

धुरपताबाईने सायकलकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"मंग इथं उभी काऊन हायेस?" ती म्हणाली, जणू रस्ता संध्यानेच अडवला होता.

तिने गंज खाली ठेवला, पुढच्या बकरीचा कान धरला आणि कळपाला उतारावर हाकलले. मग घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. पुढच्या दोन्ही गावांत फोन लाव, तिने सांगितले. "म्हण, पतिरामची घंटी येऊन राहिली, पर मासोळी नाही. पोरीले कोणी अडवू नका."

पुढे जे झाले ते मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. पुढच्या गावात माझा आवाज ऐकून बाया बाहेर आल्या, पण कोणाच्याही हातात गंज नव्हता. एकीने वासराचा दोर धरला होता. दुसरी खराट्याने धान बाजूला लोटून चाकांपुरती वाट करत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी फक्त रस्ता मोकळा ठेवला. मांजरे मात्र धावलीच.

आम्ही कुडव्याला पोचलो तेव्हा मंडळाची माणसे मांडव सोडत होती. शेवटचा माणूस येऊन गेला असे त्यांनी ठरवूनही टाकले होते. मी वाजले तेव्हा भूपेंद्र सरांनी मान वर केली आणि घड्याळ बघितले. बाराला थोडा अवकाश होता. सायकल संध्याकडे राहिली. पदके मात्र संपली होती, पाहुण्यांना वाटण्यात. यावरही मी वैतागले, पण संध्या नाही. ती दोरीच्या गुंडाळीवर बसून पाणी पीत होती आणि मध्येच हसत होती.

घरी गेल्यावर तिने पतिरामला सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. गावांचे ऐकले, मांजरांचे ऐकले. शेवटी त्याने एकच विचारले. "धुरपता अजून मसाला वाटते?"

पुढच्या बुधवारी शेजारच्या गोवर्धनने मोटारसायकल काढली. पतिरामला मागे बसवताना दोघांना त्याचा पाय उचलावा लागला. मग पतिरामने मला मागितले. संध्याने मला खोलले आणि त्याच्या हातात दिले. पहिल्या गावात त्याने मला मुठीत धरून वाजवायचा प्रयत्न केला. वाटी मुठीत असल्यावर मी कशी वाजणार? मग त्याने मला पट्ट्याला धरले. ट्रिंग, खट्, ट्रिंग. मोटारसायकलच्या मागे बसलेला म्हातारा सायकलची घंटी वाजवत गावोगाव सांगत गेला की मी आता येणार नाही. जे सांगायला अर्धा दिवस पुरला, ते त्याने पोळ्यापासून सांगितले नव्हते. माणसे येताना एवढी वाजतगाजत येतात आणि थांबताना का गप्प होतात, हे मला अजून समजलेले नाही.

धुरपताबाईच्या दाराशी त्याने मला दोनदा वाजवले. ती बाहेर आली. गंज हातात होताच. पतिरामने मांडीवरची पिशवी उघडली आणि आपल्या मुलाने त्या पहाटे धरलेली मरळ तिला दिली. मी एवढी मोठी मरळ कधी पाहिली नव्हती. तिने ती शेपटीला धरून उचलली.

"लहान हाय," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने येऊन तिने पतिरामच्या हातात केळीच्या पानात बांधलेला वाटलेला मसाला ठेवला.

मित्रांनो, मी आता परत संध्याच्या सायकलवर आहे. मला तेल मिळाले आहे, मागून मागून. तुटलेला दात तसाच आहे, कारण संध्याने तो बदलू दिला नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी घंटी असेल तर तिला तेल द्या आणि तिच्यावर कोंबड्या बसू देऊ नका. आणि तुमचा आवाज ऐकून कोणी दार उघडत असेल, तर ज्या दिवशी तुम्ही थांबाल त्या दिवशी त्याला सांगा. निरोप पाठवा, फोन करा, पण सांगा. कोणी तरी दर बुधवारी मसाला वाटत असते.

संध्या सरावासाठी त्याच रस्त्याने जाते. आता मी वाजले की बाया घरातूनच हात करतात आणि आपल्या कामाला लागतात. मांजरे मात्र अजून धावत येतात. त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.