येत असून गप्प

योगीराज गिराम सरांच्या तावडीतून वालूरमधलं कुणी सुटलं नव्हतं. बारावीला ते जीवशास्त्र शिकवायचे आणि 'मोनो म्हणजे एक' यावर त्यांचा भारी जीव. ज्वारी दिसली की मोनोकॉट, एकदल. चतुराबाईची एकसारखी जुळी नातवंडं मोनोझायगोटिक. दत्तरावांचा एक हात लुळा पडला, तर ते मोनोप्लेजिया. दत्तरावही मग कुणी हाताचं विचारलं की ऐटीत तेच नाव सांगत. सरांनी शब्द टाकायचा आणि पोरांनी तो फोडायचा, आधी पुढचा तुकडा, मग मागचा. ज्याला यायचं नाही त्याला सर चकार शब्द बोलत नसत. येत असून जो गप्प बसे, त्याला मात्र तास संपेपर्यंत उभं करत.

धम्मशीला अशी एकदाच उभी राहिली होती, लाजेपायी. पुन्हा कधी ती वेळ तिनं येऊ दिली नाही. आता मानवतच्या बसस्टँडसमोर तिची रक्त तपासायची लॅब होती, आणि जवळचं सेलू सोडून सर मुद्दाम तिच्याकडे आले होते.

"हिरड्या लय सुजल्यात," रक्त देताना ते म्हणाले होते. "दाढ काढायची हाय. नागेश म्हणला, आधी रक्त बघू. तानुबाई महिनाभर दुधात भाकर कुस्करून देऊ लागलीय. लहान लेकरू झालोय पार."

तानुबाई सरांची बायको. नागेश दातांचा डॉक्टर, तोही सरांचाच विद्यार्थी.

तासाभरानं धम्मशीला सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. मशीननं दिलेले आकडे तिला खरे वाटेनात, म्हणून तिनं दुसरी काच रंगवून पाहिली. त्यातही तेच. जांभळ्या, मोठाल्या, घडी पडलेल्या केंद्रकाच्या पेशी, काचभर. मोनोब्लास्ट. हाडाच्या आत राहून पिकायच्या त्या कच्च्याच रक्तात उतरल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर. रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. पाच वर्षांत असं रक्त तिनं दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही माणसं महिन्याच्या आत गेली होती.

असा रिपोर्ट माणसाच्या हातात द्यायचा नाही, डॉक्टरला फोन करायचा, हा तिच्या लॅबचा रिवाज. इतरांना तो कागद वाचता येत नसे, म्हणून तो निभायचा. सर तर समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

"झालं का गं?"

"मशीन बिघडलंय, सर," ती म्हणाली. "उद्या देते. फोन करते नागेशला."

खोटं बोलताना तिला स्वतःची किळस आली. पण ते शब्द सरांपुढे उच्चारायची तिची हिंमत नव्हती.

"मग राहू दे की," सर उठून पिशवी घेत म्हणाले. "नागेशला म्हणतो, आत्ताच काढ दाढ. परत कोण खेटे घालणार? माझं ऐकतंय ते पोरगं."

ऐकलंच असतं. सरांना नाही म्हणायची नागेशची छाती नव्हती. त्याचा दवाखाना चार पावलांवर, आणि पेशंटपुढे तो फोन उचलत नसे. आणि असं रक्त असताना दाढ उपटली तर वाहणारं रक्त थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. सर दारापर्यंत पोचले. धम्मशीला स्टुलावरून उठली आणि वर्गात राहिली होती तशी, हात मागे बांधून, मान खाली घालून उभी राहिली.

सरांनी वळून पाहिलं. मग परत येऊन बाकावर बसले.

"सांग," ते म्हणाले. "पुढचा तुकडा?"

"मोनो."

"म्हंजे?"

"एक."

"मागचा?"

"ब्लास्ट, सर." तिचा आवाज चिरकला. "अंकुर."

"शंभरात किती?"

"ऐंशी."

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर पाथरीची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगत होतं.

"दाढ काढू नका, सर. आजच्या आज संभाजीनगरला जावं लागंल. मी येते संगं."

"बरोबर आलं उत्तर," सर म्हणाले. "बस खाली."

ती बसली आणि तिला रडू आवरेना. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. तानुबाईंचा आवाज खणखणीत, लॅबभर ऐकू येणारा.

"निघाली का दाढ? रातच्याला भाकर टाकू का कडक?"

"न्हाई निघाली अजून."

"आन् रक्ताचं काय आलं?"

सर बाकावरून उठले.

"मशीन बिघडलंय म्हनं," ते म्हणाले. "काई कळलं न्हाई."

त्यांनी फोन खिशात टाकला. धम्मशीलानं स्टूल पुढे सरकवलं, दोनदा बसा म्हटलं. संभाजीनगरची गाडी लागेपर्यंत सर भिंतीकडे तोंड करून उभेच होते.