बारीक तंगूस, जाड तंगूस

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगायची तर एकदा घेऊनच टाकते: लोटू. आमची खोली बमरोलीत, लूम्सच्या खात्याच्या मागच्या भिंतीला चिकटून. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात आणि मागाला साचा. भिंतीपलीकडे साचे खडखडायचे आणि अलीकडे माझ्या मांडणीवरची भांडी. दिवसपाळी संपली की रातपाळी सुरू. ती खडखड डोक्यात इतकी बसली होती, की गावी गेले तरी मी ओरडूनच बोलायची आणि सासूला वाटायचं, सून भांडायला आली. प्लेगच्या वेळी सगळी सुरत पळाली तसे आम्हीही पारोळ्याला पळालो. मला वाटलं, सुटलो एकदाचे. साथ सरली आणि आम्ही परत त्याच खोलीत, त्याच भिंतीपाशी.

म्हणून माझा भाऊ हिलाल हजिऱ्याची बातमी घेऊन आला तेव्हा मी देवाला नारळ बोलले. हिलाल तिथल्या एका कंपनीच्या कॉलनीत माळी होता. तिथल्या गेस्ट हाऊसला माणूस हवा होता आणि राहायला क्वार्टर मिळणार होतं. तिथले साहेब आपले मराठीच, पुण्याकडचे, चंद्रकांत नावाचे. त्यांना एकच वेड: किनाऱ्यावर उभं राहून गळाने मासे धरायचे. पाहुणे आले की त्यांनाही न्यायचे. गळाचं सगळं सामान सांभाळून तयार ठेवील असा माणूस त्यांना पाहिजे होता.

"दोरानं काम शे, दाजी," हिलाल म्हणाला. "तुमना हात कोन धरी?"

खोटं नव्हतं ते. साच्यावर धागा तुटला की हे एका चिमटीत सांधायचे, बघणाऱ्याला गाठ दिसायचीही नाही.

सुट्टीच्या दिवशी हजिऱ्याजवळच्या सुवालीच्या किनाऱ्यावर बोलावणं आलं. मीही गेले. यांना एकटं सोडलं असतं तर साहेबांपुढे तोंडाला कुलूप लावून उभे राहिले असते. समुद्र चहासारखा गढूळ आणि ओढ अशी, की पायाखालची रेती सरकत होती. साहेबांनी चादरीवर तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, तीन रिळं मांडली.

"सांगा बरं, लांब फेकायचं तर कुठला घ्यायचा?"

यांनी तिन्ही तंगूस चिमटीत फिरवून पाहिले. "हाऊ, बारीक. जाडले वारा धरस, पानी धरस."

"शाब्बास. पण टोकाला एवढं शिशाचं वजन बांधून जोरात फेकायचं म्हणजे बारीक तंगूस झटक्याने तुटणार. मग?"

"मंग पुढला तुकडा जाड लावना."

साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माझ्या मनात तर क्वार्टरच्या खिडकीला पडदेसुद्धा लागले. मग त्यांनी शिसं दाखवलं. त्याला तारेचे चार पाय होते, ओढीत वाहून जाऊ नये म्हणून ते रेती धरून ठेवायचे. गळ शिशाच्या वर, छोट्या फांद्यांसारखे बांधलेले, म्हणजे आमिष चिखलात लोळत नाही. हे सगळं यांना पटापट कळलं.

"आता राहिली बारकाला जाड जोडायची गाठ," साहेब म्हणाले. "नीट बघा. हा सुताचा धागा नाही, गुळगुळीत आहे. थुंकी लावून ओला करायचा, एकाचे वेढे दुसऱ्यावर द्यायचे, सावकाश आवळायचा. आणि शेपटी ठेवायची, मुळाशी कापायची नाही. घाई केली की सरकते."

हे हो हो म्हणाले आणि तंगूस हातात घेतला. साहेब कोळंबी लावायला वळले तोवर गाठ तयार. मला कौतुक वाटलं, खरंच सांगते.

साहेबांनी गळाची काठी मागे नेऊन लांब फेकलं. थोड्या वेळाने काठी वाकली, अशी वाकली की साहेब चार पावलं पाण्यात ओढले गेले. "मासा लागला, मोठी घोळ!" ते पोरासारखे ओरडले. आणि काठी एकदम सरळ झाली. तंगूस गुंडाळून आणला तर टोक कुरळं झालेलं. गाठ सुटली होती.

साहेब रागावले नाहीत. "होतं पहिल्यांदा. परत बांधा, माझ्यासमोर."

यांनी थुंकी लावली, पहिला वेढा दिला. मग बोटं आपल्याच वाटेने गेली. मुरड, दाब, नखाने शेपटी तोडली. साच्यावरची गाठ. तिथे फणीतून धागा जायला हवा म्हणून शेपटी मुळाशीच तोडतात. साहेबांनी ओढली, सुटली. परत बांधली, तीच गाठ. यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला.

"अहो, काय करी राह्यनात तुम्ही?" मला राहवलं नाही. "वेढा द्या ना!"

"माले समजस, मालती," हे म्हणाले. "पन हात मनं आयकत नही."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा राग ते कळेना. एवढी वर्षं त्या साच्याने कान खाल्ले होते, आता हातही त्याचेच झाले होते.

साहेबांनी तंगूस माझ्याकडे दिला. "मालतीबाई, तुम्ही बघा." मी बांधली. वेडीवाकडी, सावकाश, जीभ दातात धरून. साहेबांनी दोन्ही हातांनी ओढली, मग काठीला लावून फेकून पाहिली. टिकली.

"स्वयंपाक येतो?"

"खान्देशातल्या बाईला हे विचारायचं नसतं, साहेब."

ते हसले. "मग तुम्हीच या. क्वार्टर तुमच्या नावाने. हेही राहतील तुमच्याबरोबर."

मी यांच्याकडे पाहिलं. हे हसत होते, अगदी मनापासून. "घे, मालती. घे," म्हणाले.

क्वार्टर चांगलं होतं. खिडकीतून झाडं दिसायची आणि आवाज म्हणाल तर पाखरांचा. मी पहिल्यांदा हळू बोलायला शिकले. हे मात्र अंथरुणात तळमळत राहायचे. दिवसा अंगणात बसून चादरीच्या किनारीचा धागा काढायचे, तोडायचे आणि जोडायचे. हिलालने बागेत कामाला नेलं तर पाइप धरून नुसतेच उभे, पाणी रस्त्यावर. एक दिवस म्हणाले, बमरोलीला दोस्तांना भेटून येतो. परतले नाहीत. हिलालकडून कळलं, यांनी पुन्हा साचे धरलेत, झोपायला तीच खोली.

मी तडक बमरोली गाठली. भांडले, रडले, भिंतीवर हात आपटले. "क्वार्टर आहे, अन्न आहे, मी आहे. इथे काय आहे तुमचं?" भिंत खडखडत होती, म्हणून मला ते ओरडूनच विचारावं लागलं.

यांनी माझे हात धरून खाली घेतले. "अठे माले झोप लागस, मालती."

आता हे सुट्टीच्या दिवशी येतात. अंघोळ करतात, जेवतात, अंगणात बसतात. ऊन कलायला लागलं की दारात चप्पल घालून उभे राहतात. "येऊ का मग?" असं विचारतात, पाहुण्याने विचारावं तसं. राहा म्हणून पाहिलंय मी. आता म्हणते, निघा, बस चुकेल.