सतरा शब्द

१९६६ सालचा नोव्हेंबर. मेक्सिकोतल्या ओआहाका शहरातल्या एका स्वयंपाकघरात लोर्ना मक्याच्या कणसांचे दाणे सोडवत बसली होती आणि घरमालकीण लालिया तिला सांगत होती, की आपला नवरा रस्त्याच्या कामाला म्हणून गेला तो परत कसा आला नाही. मध्येच ती थांबली.

"हात थांबला बघ तुझा. हात चालू ठेव, म्हंजी त्वांड आपसूक चालंल."

लोर्ना एकवीस वर्षांची, कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातली. स्पॅनिश शिकून, जूनची परीक्षा देऊन, तिला गावी जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा तिला पाणी मागण्याइतकीही स्पॅनिश येत नव्हती. शाळेत तिचं कुणाशी जमेना. पहिले पंधरा दिवस उशीत तोंड खुपसून रडण्यात गेले. सोळाव्या दिवशी लालिया दार न वाजवता खोलीत आली, तिनं मनगटाला धरून तिला चुलीपाशी नेलं आणि पुढ्यात कणसांची टोपली ठेवली. तेव्हापासून रोज शाळा सुटली की लोर्ना तिथंच. पाण्यातल्या चॉकलेटचे घोट घेत ती ऐकायची. चार वर्षांची होऊन डांग्या खोकल्यानं गेलेली मुलगी, बाहेरगावी शिकायला ठेवलेला मुलगा, डोंगरातलं गाव, शेजारणीची भांडणं. दिवाळखोर सावत्र भावाची नक्कल करताना लालिया शालीचं टोक तोंडाला लावून हसायची. भाषा कळायला लागली ती तिथं, शाळेत नव्हे. आईला लिहिलेल्या पत्रात तिनं कळवलं, की मला इथं घर मिळालं.

मार्चमध्ये शाळेत तोंडी चाचणी झाली. बाजारातून काय आणलंत, असं बाईंनी विचारलं. लोर्नानं ठसक्यात सांगितलं, "त्रूहे," म्हणजे मी आणलं. वर्ग खो खो हसला. पुस्तकातला शब्द होता "त्राहे"; "त्रूहे" लालिया म्हणायची. बाईंनी चष्मा पुसत विचारलं, की ही भाषा कुठल्या मोलकरणीकडून शिकलात?

लोर्ना घरी आली ती थेट खोलीत गेली. तिनं एक कोरा कागद घेतला. डावीकडे लालियाचे शब्द लिहिले, उजवीकडे पुस्तकातले. सतरा झाले. भल्याच्या हेतूनं केलं की रागानं, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

जेवणाच्या वेळी तिनं कागद लालियाच्या हातात दिला आणि तुमच्यासाठी आहे म्हणाली. लालियाला अक्षरओळख नव्हती. तिनं हात एप्रनला पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला, आणि घरातला दुसरा भाडेकरू अउसेन्सिओ, वकिली शिकणारा, त्याच्याकडे दिला.

"वाच रं. काय लिवलंय बघ पोरीनं माझ्यासाठी."

अउसेन्सिओनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन शब्दांना तो हसला, म्हणाला, मावशी, तुमची तर शिकवणी लागली. पाचव्या शब्दाला त्याचा आवाज उतरला. त्यानं कागद खाली ठेवला.

"समदं वाच," लालिया म्हणाली.

त्यानं सतराही वाचले. चुलीवरच्या तव्यातली मक्याची तोर्तिया करपली, ती तिनं उलटली नाही.

"धा वर्साची व्हते मी, डोंगरातनं खाली घरकामाला आले तवा," ती म्हणाली. "ह्या भाषेतला एक शबुद ठावं नव्हता. मालकिणीनं एकेक शबुद एकेका थोबाडीत देऊन शिकवला." मग म्हणाली, "तिनंबी चुकीचंच शिकवलं म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. "न्याहारी तयार आहे. या."

लोर्ना दारातच उभी राहिली. 'ये' नव्हे, 'या'.

त्यानंतर लालिया मोजकं बोलायची, आणि जे बोलायची ते आधी मनात घोकून. दुपारी लोर्ना चुलीपाशी गेली, तर टोपली होती, पण गोष्ट नव्हती. तिनं माफी मागितली. लालिया म्हणाली, माफी कसली, तुम्ही बरोबरच होता. एकदा लोर्ना पावाची पिशवी घेऊन आली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "लालिया, मी पाव त्रूहे."

लालियानं पिशवी घेतली. "त्राहे म्हणतात, सिन्योरिता."

जूनमध्ये लोर्ना वर्गात पहिली आली. बसवर पोचवायला लालिया आली होती. वाटेसाठी तिनं केळीच्या पानात मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल बांधून दिले, हात हातात घेतला आणि प्रवास सुखाचा होवो म्हणाली. वाक्यात एकही चूक नव्हती.

अउसेन्सिओ पुढे तालुक्याच्या गावी न्यायाधीश झाला. डोंगरातल्या माणसांसाठी दुभाषा आणल्याशिवाय तो खटला चालवत नसे, असं म्हणतात. चष्मेवाल्या बाई लग्न करून राजधानीत गेल्या. लोर्नानं एकतीस वर्षं स्पॅनिश शिकवली. दर नाताळात ती लालियाला पत्र लिही. उत्तर तिच्या मुलाच्या अक्षरात येई, चार ओळींचं, शुद्ध.

१९८१ साली ती ओआहाकाला गेली. लालियाच्या सुनेनं दार उघडलं आणि आत नेता नेता सांगितलं, "अर्धांगाचा झटका आला तेव्हापासनं सासूबाईंची स्पॅनिश पुसली गेली हो. एक शब्द राहिला नाही. आता नुसती डोंगरातली भाषा. ती आमच्यात कुणाला येत नाही. शाळेत पोरं हसतील म्हणून त्यांनी ह्यांनासुद्धा शिकवली नाही. पण बोलतात मात्र दिवसभर."

लालिया अंगणात खुर्चीवर होती, एक हात मांडीवर निर्जीव पडलेला. तिनं लोर्नाकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. मग ती बोलायला लागली. भरभर, न अडखळता, मध्येच आवाज खाली आणून, मध्येच चांगल्या हातानं गुडघ्यावर थाप मारून. एका ठिकाणी ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. कसलं घोकणं नाही, कसलं भय नाही.

लोर्नाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सूर्य भिंतीपलीकडे जाईपर्यंत ती समोरच्या स्टुलावर बसून राहिली, आणि लालिया श्वास घ्यायला थांबली, की हलकेच 'हं' म्हणत राहिली.